आबांची पाचगणी

शेवटी आबांचा फेटा थोरल्या मुलाच्या, नानासोच्या डोक्याला बांधला गेला आणि आबा, म्हणजे यल्लाप्पा मासाळ, जिवंतपणी वारले.

असं काही झालेलं नाही. कुरणवाडीत कुणालाही विचारा. त्या दसऱ्याला भावकी जमली, गुळाचा चहा झाला, मंडळी पांगली, एवढंच. फेटा आबांच्या बायकोच्या, धोंडुबाईच्या ट्रंकेत घडी करून ठेवलेला आहे. त्याला एका बाजूने नवा पीळ पडलेला दिसतो, तो उंदरांनी पाडला असावा. उंदीर फेटे बांधतात, हे मासाळांच्या घरात सर्वांनी एकमतानं मान्य केलं आहे.

तर, न झालेली गोष्ट अशी झाली.

श्रावणात लोकर कातरताना आबांच्या हातातून कातर गळाली. मेंढी अर्धी कातरून झाली होती. आबा तिच्या अंगावरच कलले, उजवं अंग लुळं पडलं आणि तोंडातून शब्द फुटला तो 'पाचगणी'. त्यानंतर दुसरा फुटलाच नाही. तहान लागली, पाचगणी. ऊन आलं, पाचगणी. नानासोच्या धाकट्या पोराला मांडीवर घेतलं, पाचगणी, पाचगणी, पाचगणी, अगदी लाडीगोडीनं. उभ्या जन्मात हा माणूस पाचगणीला गेला नव्हता. वाईच्या पलीकडे मेंढरांना खायला काही नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

ती मेंढी तशीच राहिली. एका अंगानं उघडी, एका अंगानं लोकरीची. आबांनी हात घातलेल्या कामात दुसऱ्यानं हात घालायचा नाही, हा घरचा कायदा. तिला सगळे 'अर्धी' म्हणू लागले आणि ती त्या नावाला ओ देऊ लागली.

मिरजेच्या दवाखान्यातले डॉक्टर सज्जन होते. त्यांनी नानासोला बाकावर बसवून सांगितलं, "ह्यांचं डोकं जागेवर आहे. तुम्ही बोलता ते बहुतेक कळतं. शब्दसुद्धा आत आहेत, पण बाहेर काढायची वाट बिघडलीय. हात घालतात एका शब्दाला, आणि दर वेळी हाताला तोच एक लागतो. शिवी किंवा गाणं कधी आपोआप बाहेर पडेल, त्याला ढोंग म्हणू नका. ओरडू नका, ऐकू येतं त्यांना. एका वेळी एकच विचारा. आणि मग थांबा."

नानासोनं हे सगळं नीट ध्यानात धरलं. पण मिरज ते कुरणवाडी एस.टी.चा रस्ता फार खराब, वाटेत बरंच सांडलं. घरी पोचलं ते एवढंच, "थांबा म्हनलाय."

म्हणून सगळे थांबले. आबांशी बोलायचे थांबले.

आबांचे चुलतभाऊ लालासाहेब मात्र थांबले नाहीत. भावकीत त्यांचा आवाज मोठा आणि संशय त्याहून मोठा. "मानूस उगाच एका गावाचं नाव घेत न्हाई. बाई असनार. पाचगणीत दुसरं घर असनार." ते नानासोला घेऊन शोधायला निघाले. धोंडुबाईनं दोघांना भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, "असली तर घिऊन या. दळायला मदत हुईल."

पाचगणीत त्यांनी स्टँडवर विचारलं, बाजारात विचारलं, एका मोठ्या शाळेच्या फाटकावर विचारलं. फाटकावरच्या माणसानं विचारलं, "तुमचा मुलगा कितवीत आहे?" लालासाहेबांनी बराच विचार करून "सांगता येत न्हाई" असं उत्तर दिलं, कारण संशय त्या दिशेनंही वाढू शकत होता. शेवटी दोघं लाल मुरांब्याची एक बाटली घेऊन परत आले. आबांनी बोटानं चाखला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "पाचगणी!" कडू औषध थुंकताना माणूस जसं काही म्हणेल, तसं. बाटली फडताळात गेली. बाईचा प्रश्न निकालात निघाला. धोंडुबाईला थोडं वाईट वाटलं, दळण बरंच होतं.

*

दसरा झाला की मासाळांच्या चार घरांची मेंढरं एकत्र करून वाटेला लागायची. कुणीकडे जायचं हे कारभाऱ्यानं सांगायचं. वाटेत गावोगावच्या पाटलांशी बोलायचं त्यानंच, रात्री कुणाच्या रानात मेंढरं बसवायची ते ठरवायचं त्यानंच, घाटातल्या नाक्यावर वनखात्याच्या माणसाला नाव-गाव सांगायचं तेही त्यानंच. तीस वर्षं हे सगळं आबांनी केलं होतं. आता भावकी ओसरीवर बसली होती आणि आबा भिंतीला टेकून, उजवा हात मांडीवर ठेवून, सगळ्यांच्या तोंडाकडे पाळीपाळीनं बघत होते.

लालासाहेबांनी सुरुवात केली. "नानासो, वाटंला लागायचं तर बोलनारा मानूस पायजे. मुक्या कारभाऱ्याच्या मागं चार घरं जात न्हाईत."

आबांचा धाकटा मुलगा अर्जुना पलटणीतून सुटीवर आला होता. पासष्टची लढाई बघून आलेला, त्यामुळे त्याच्या बोलण्याला गावात वजन होतं. तो म्हणाला, "काका, अफसर जखमी झाला म्हनून त्याचा रँक काडून घेत न्हाईत."

"रँक न्हाई काडत. पन वायरलेस दुसऱ्याच्या हातात देत्यात का न्हाई?"

वायरलेस देतात हे खरं होतं. शत्रूशी कसं लढायचं ते पलटणीनं शिकवलं होतं, खऱ्याशी कसं लढायचं ते नाही.

"आन दुसरं," लालासाहेब आवाज चढवत म्हणाले, "मला तर ह्यात सोंगबी दिसतंय. परवा मी सोता ऐकलं. कुत्रं पायात आलं तवा ह्यो म्हनला, 'मुडद्या, सर बाजूला!' अक्खं वाक्य. कुत्र्याशी बोलतोय आन आमच्याशी पाचगणी?"

आतून, दाराआडून, नानासोची बायको बायडाबाई म्हणाली, "कुत्रं मधीमधी बोलत न्हाई."

भावकीतले दोघे हसले आणि लगेच खोकले. सुनेनं भावकीत बोलायचं नसतं, त्यामुळे ती बोललीच नाही असं ठरलं.

लालासाहेब आबांकडे वळले आणि विहिरीच्या तळाशी असलेल्या माणसाला विचारावं तसे ओरडले, "यल्लाप्पाऽ! औंदा कोकनात जायाचं का किष्णाकाठी, आन निघायचं कवा, आन म्होरं कोन चालनार, सांग बगू!"

आबांनी तोंड उघडलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आत शोधायला घेतलं होतं, तोवर तिसरा प्रश्न त्याच्यावर येऊन पडला. कपाळावर घाम आला. "पाच…" ते म्हणाले. "पाच… पाचगणी."

"झालं," लालासाहेब म्हणाले. "आनि काय पुरावा पायजे? फेटा आना."

*

नानासोला फेटा नको होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, कारण चाळिशीच्या माणसानं असं सांगायचं नसतं. जन्मभर तो आबांच्या मागून चालला होता. कुठल्या मेंढीचा कुठला खूर दुखतो हे त्याला ठाऊक होतं, पण पाटलाच्या ओसरीवर पाय ठेवताना पहिला शब्द कुठला बोलायचा ते ठाऊक नव्हतं. आबा बोलायचे, तेव्हा नानासो जोड्यांकडे बघत उभा राहायचा. पश्चिमेच्या वाटेवरच्या यच्चयावत पाटलांचे जोडे त्याला ओळखता आले असते.

पण चार घरांची मेंढरं उपाशी ठेवता येत नव्हती. माळावर आता कुसळाशिवाय काही उरलं नव्हतं. त्यानं मान खाली घातली. लालासाहेबांना वाटलं, डोकं पुढं केलं.

बाप गेल्यावर सुतक फिटताना थोरल्याला फेटा बांधतात. बाप समोर बसलेला असताना बांधतात की नाही, हे भावकीत कुणालाच माहीत नव्हतं, कारण आजवर कुठल्याही बापानं अशी अडचण करून ठेवली नव्हती.

आत चुलीपाशी धोंडुबाई ट्रंकेच्या किल्लीवर हात ठेवून बसली होती.

"आत्या," बायडाबाई हळूच म्हणाली, "भाईर जावा. सांगा त्यास्नी."

"काय सांगू?"

"मला ठावं हाय. मी बगितलंय."

धोंडुबाईचं तोंड लाल झालं. साठीच्या बाईचं तोंड इतकं लाल होऊ शकतं, हे बायडाबाईला पहिल्यांदाच कळलं.

बघितलं होतं ते असं. आबा दवाखान्यातून घरी आल्यावर धोंडुबाई विचारायची, "दूध देऊ का ताक, का आदी पानी?" आणि आबा पाचगणी, पाचगणी करत रडकुंडीला यायचे. एकदा तीही वैतागली आणि नुसतंच म्हणाली, "ताक?" आणि दमून गप्प बसली. चुलीवर दूध उतू गेलं तरी उठली नाही. आणि मग आबांच्या डाव्या हातानं तिचा हात शोधला आणि दाबला. तिनं ताक दिलं. ते प्याले. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "दुकतंय?" आणि थांबली. हात दाबला. "पाय?" हात सोडला. "खांदा?" दाबला. मान हलवायला सांगितलं तर मान भलतीकडेच हलायची, होय म्हणायचं असताना नाही म्हणायची. हात मात्र चुकत नव्हता. दाबला की व्हय, सोडला की न्हाई.

तेव्हापासून रोज सांजेला दार लोटून दोघं बोलत बसायची. कुठली मेंढी गाभण, थोरल्याचा चेहरा का उतरलाय, अर्जुनाची सुटी किती उरली. उभ्या संसारात दोघं इतकं बोलली नव्हती. आधी आबा बोलायचे आणि ती ऐकायची. आता ती बोलायची आणि ते ऐकायचे, आणि मग ती थांबायची.

पण हे कुणाला सांगायचं कसं? या घरात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, वाटेनं चालली तर चार पावलं मागं चालते. तिचा हात त्यांनी लोकांसमोर धरला होता तो लग्नात, आणि तेव्हाही बामणानं धरून दिला म्हणून. एकदा सांजेला बायडाबाई पीठ न्यायला आत आली, ते दोन हात बघितले, चुलीकडे तोंड फिरवलं आणि अख्खी भाकरी जाळली. त्या दिवशी सगळ्यांनी जळकी भाकरी मुकाट खाल्ली, आणि आबा गालात हसले.

"मला जमायचं न्हाई गं," धोंडुबाई म्हणाली. "भावकी बसलीय."

"मग किल्ली द्या," बायडाबाई म्हणाली. "फेटा मी काडते. उद्यापास्नं मी कारभारीन. मला तरी कुटं पायजेल हाय?"

बाहेरून लालासाहेबांची हाक आली. धोंडुबाईनं किल्ली दिली.

*

फेटा लालासाहेबांनीच बांधला. घाईत बांधल्यामुळे डाव्या कानावर उतरला होता. नानासो त्यात अगदी लहान दिसत होता.

आबांची थोरली बहीण शालूबाई खांबापाशी बसली होती. तिला फारसं दिसत नव्हतं. तिनं शेजारच्याला विचारलं, "काय चाललंय रं?"

"नानासोला फेटा बांदला."

थोरल्याला फेटा म्हणजे काय ते शालूबाईला सांगावं लागत नव्हतं. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि गळा काढला. "माज्या यल्लाप्पा रंऽ! मला म्हातारीला टाकून म्होरं कसा रं गेलासऽ!" गळा चांगला होता, भावकीतल्या सगळ्या मर्तिकांना तिला आवर्जून बोलावत. ओसरीवरच्या दोघातिघांचे डोळे सवयीनं पाणावले. कुणीतरी सवयीनं "देवाची मर्जी" म्हणालं.

आबांनी हे पाहिलं. फेटा, रडणं, खाली घातलेल्या माना. कुणीतरी गेलं होतं आणि त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अलीकडे धोंडुबाईशिवाय त्यांना कुणी काही सांगतच नसे. त्यांनी डोळ्यांनी घर मोजायला घेतलं, मेंढरं मोजतात तसं. अर्जुना होता. शालूबाई रडत होती, म्हणजे होती. लालासाहेब होते, त्याला इलाज नव्हता. दाराआड धोंडुबाईच्या लुगड्याचा काठ दिसत होता. मग कोण गेलं, ते कळेना. पण नानासो रडवेला झाला होता आणि ते महत्त्वाचं होतं.

आबा डाव्या हातावर भार देत, ओसरीवरून सरकत सरकत नानासोपाशी गेले. दुखवट्याला आलेला माणूस ठेवतो तसा त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"पाचगणी," ते अगदी हळू म्हणाले. "पाचगणी, पाचगणी." रडू नको, लेकरा. कुणालाबी चुकलं न्हाई.

मग त्यांची नजर फेट्यावर गेली. तो त्यांचा होता. थोरल्याला फेटा कधी बांधतात ते त्यांना आठवलं. पाठीवरचा हात तसाच राहिला. त्यांनी स्वतःच्या छातीकडे पाहिलं, ती वरखाली होत होती. मग त्यांनी लालासाहेबांकडे पाहिलं आणि विचारलं,

"पाचगणी?"

ह्या पाचगणीचा अर्थ ओसरीवर प्रत्येकाला कळला. शालूबाईसुद्धा मध्येच थांबली. तो आवाज जवळून आला होता आणि तो ज्याच्यासाठी ती रडत होती त्याचा होता. "मेला न्हाई व्हय?" ती म्हणाली. "मग सांगायचं न्हाई का रं मुडद्यांनो? गळा दुकला माजा."

हुंदक्यानं नानासोचे खांदे हलले.

तेव्हा धोंडुबाई बाहेर आली. पदर नीट केला, आबांच्या शेजारी जाऊन बसली, मागं चार पावलं नव्हे, शेजारी, आणि त्यांचा डावा हात आपल्या हातात घेतला.

भावकीतल्या पुरुषांनी एकदम आढ्याकडे बघितलं. आढ्यात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी सगळे फार लक्ष देऊन बघत होते.

"वैनी!" लालासाहेब म्हणाले. "चारचौगांत?"

"चारचौगांत तुमी त्यास्नी मारलं, भावजी," धोंडुबाई म्हणाली. तिचा आवाज कापत होता, हात नव्हता. "मी हात धरला तर काय झालं? आता इचारा काय इचारायचं ते. एक एक इचारा. वरडू नगा, भैरं न्हाईत ते. आन इचारून झालं की गप ऱ्हावा. जमंल?"

"जमंल की," लालासाहेब म्हणाले. सबंध बैठकीत त्यांनी स्वतःच्या ताकदीबाहेर दिलेला हा एकच शब्द.

बायडाबाई सगळ्यांदेखत ताट घेऊन बाहेर आली. ताटात एका बाजूला मूठभर आमसुलं, दुसऱ्या बाजूला उसाचं कांडं. "हे कोकन," ती म्हणाली, "आन ही किष्णा. मामा, कुटं जायाचं?"

आबांनी धोंडुबाईचा हात सोडला, उसाचं कांडं उचललं.

"किष्णाकाठ!" लालासाहेब उठून उभे राहिले. "ठरलं! अर्जुना, घोड्यावरचं सामान…"

आबांनी कांडं दातांनी सोललं आणि खायला लागले.

"चगळू द्या की," धोंडुबाई म्हणाली. "सकाळपास्नं कुनी काय खायाला दिलंय त्यास्नी?"

सगळे थांबले. आबांनी कांडं सावकाश संपवलं. चोथ्याचा वास लागून ती 'अर्धी' मेंढी ओसरीवर चढली, आपली उघडी बाजू लालासाहेबांकडे करून चोथा खाऊ लागली. लालासाहेबांनी तोंड उघडलं, धोंडुबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी ते मिटलं. डाव्या हाताची बोटं पुसून आबांनी ताटातली आमसुलं उचलली आणि नानासोच्या पुढ्यात ठेवली. मग पुन्हा धोंडुबाईचा हात धरला.

"कोकन?" तिनं विचारलं. आणि थांबली. "व्हय म्हनत्यात."

"नानासो म्होरं चालंल?" तिनं विचारलं.

हे उत्तर यायला वेळ लागला. ओसरीवर आमसुलांचा आंबट वास पसरला होता आणि कुणीही खोकत नव्हतं.

"व्हय," धोंडुबाई म्हणाली. "चालंल म्हनत्यात."

"वाटंत तुमच्या वतीनं त्यानं बोलायचं?" तिनंच पुढं विचारलं.

"व्हय."

"आन फेटा त्यानंच बांदायचा?"

आबांनी हात सोडला.

नानासोनं दोन्ही हातांनी फेटा उतरवला आणि बापाच्या मांडीवर ठेवला. जड वस्तू उतरवल्यासारखी त्याची मान आपोआप वर आली. "आबा," तो म्हणाला, आणि मग त्याला कुठूनतरी मिरजेचा तो बाक आठवला, वाटेत सांडलेलं सगळं आठवलं. त्यानं पुढचं काही विचारलं नाही. एकच विचारलं, "मी संगं असल्यावर तुमी वाटंला येनार?" आणि थांबला.

आबांच्या हातानं पुन्हा धोंडुबाईचा हात शोधला आणि दाबला. डोळे पुसायला तिचा दुसरा हात मोकळा होता, तो तिनं वापरला.

लालासाहेब चहा न घेता निघाले, मग परत येऊन चहा घेतला. मंडळी पांगली. आता विचारायचं काही उरलं नव्हतं, तरी आबांनी हात सोडला नव्हता.

*

राहता राहिला घाटातला नाका. तिथला माणूस कारभाऱ्याच्याच तोंडून नाव-गाव ऐकतो, त्याशिवाय मेंढरं सोडत नाही, आणि फेट्यासकट कारभारी अजून आबाच होते. अर्जुनाला पलटणीत अर्ज लिहायची सवय होती. तिथं झोपेतून उठायलाही अर्ज लागतो. त्यानं ओसरीवर बसून, सगळ्यांना विचारून, असं लिहिलं:

'मेहेरबान वनअधिकारी साहेब, कुंभार्ली घाट, यांचे सेवेशी सविनय अर्ज ऐसाजे. आमचे वडील यल्लाप्पा मासाळ, राहणार कुरणवाडी, हे शुद्धीवर असून पूर्ण समजदार आहेत. त्यांचे बोलण्याचे कामी एकच शब्द शिल्लक आहे. तरी "पाचगणी" हा शब्द त्यांचे नाव, गाव, मेंढरांची संख्या व साहेबांना नमस्कार या सर्व बाबींकरिता ग्राह्य धरण्यात यावा. त्यांना एका वेळी एकच प्रश्न विचारण्याचा हुकूम नाक्यावर लावण्यात यावा. प्रश्न विचारल्यावर उत्तर येईपर्यंत सरकारने थांबावे. तसेच उत्तर देतेवेळी सदर इसमाचा हात चारचौघांत धरण्याची परवानगी त्यांचे पत्नीस सरकारी शिक्क्यासह लेखी मिळावी, म्हणजे भावकीस दाखवता येईल, ही नम्र विनंती.'